तज, दालचिनी आणि अमानतदारी





गेल्या रमजानपूर्वी नात्यातील एका वृद्ध खालांच्या इयादतीसाठी जाणे झाले. वय सत्तरीच्या पुढे, वीस वर्षांपासून मधुमेह. पायाच्या अंगठ्याजवळ एक लहानशी जखम झाली होती आणि दोन महिने होऊनही ती भरत नव्हती. गोळ्या वेळेवर घेता ना, असे विचारले, तेव्हा त्या समाधानाने हसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, गोळ्या केव्हाच सोडल्या. आता सुन्नतचा इलाज करते." उशाशी एक डबा होता. त्यात तपकिरी रंगाची पूड होती, शेजारी मधाची बाटली. सकाळी एक चमचा आणि रात्री एक चमचा. नातवाच्या मोबाईलवर संदेश आला होता. दालचिनी व मध एकत्र घेण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, त्याने साखर मुळापासून जाते, आणि ज्याचा अल्लाहवर भरवसा आहे त्याला गोळ्यांची गरज उरत नाही, असा त्या संदेशाचा मजकूर होता. खालांनी तो खरा मानला, कारण त्यात प्रेषितांचे नाव होते.

हा संदेश आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल, काहींनी पुढे पाठविलाही असेल. म्हणून आज या सालीविषयी थोडे विस्ताराने बोलावे असे वाटले. दालचिनी औषधी आहे यात शंका नाही. परंतु त्या डब्यात तीन गोष्टी मिसळल्या होत्या. एक, प्रेषितांच्या नावावर खपविलेले वचन. दोन, दालचिनी म्हणून विकलेली दुसरीच साल. आणि तीन, वैद्यकाचे ज्ञान नसलेल्या माणसाने ठरविलेली मात्रा.

प्रथम वचनाविषयी. उपचार करणे हे ईमानच्या विरुद्ध नाही. काही ग्रामीण अरबांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, आम्ही आजारपणात औषध घ्यावे काय? त्यांनी होकार दिला आणि सांगितले की, अल्लाहने वार्धक्य वगळता असा आजार निर्माण केलेला नाही ज्यासोबत त्याचा उपायही ठेवलेला नाही. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत हा प्रसंग आलेला आहे. सहीह मुस्लिममधील दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, औषध जेव्हा आजाराला नेमके लागू पडते तेव्हा अल्लाहच्या आज्ञेने आराम पडतो. या लागू पडण्याच्या अटीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कोणत्याही आजारावर कोणतेही औषध, असे तेथे म्हटलेले नाही. कोणत्या आजारावर कोणते औषध लागू पडेल हे शोधणे माणसावर सोपविलेले आहे, आणि त्यासाठी ज्ञान लागते.

आता दालचिनीकडे येऊ. पवित्र कुरआनात मधाचा उल्लेख आहे आणि त्यात लोकांसाठी आरोग्य असल्याचे सूरह नहलमध्ये सांगितले आहे. जन्नतच्या वर्णनात आले आहे, कापूर आहे, कस्तुरी आहे. दालचिनीचा उल्लेख नाही. हदीसच्या प्रसिद्ध संग्रहांत, ज्या प्रकरणांत वैद्यकाचा विषय येतो तेथे कलौंजी आहे, ऊद-ए-हिंदी म्हणजे कुस्त आहे, जवाची तलबीना आहे, हिजामा आहे. दालचिनी-मधाचा मधुमेहावरील नुस्खा तेथे नाही. मग तो सुन्नत कसा झाला? कोणीतरी लिहिले, दुसऱ्याने पुढे पाठविले आणि तिसऱ्याने त्याखाली हदीसचा एक क्रमांक टाकला.

हे किरकोळ आहे असे समजू नका. प्रेषितांच्या (स.) नावाने जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याचे ठिकाण नरक असल्याचा इशारा इतक्या सहाबांकडून आणि इतक्या मार्गांनी आपल्यापर्यंत पोहोचला आहे की, हदीसशास्त्राचे विद्वान त्याला मुतवातिर म्हणतात. एखादी गोष्ट चांगली आहे, लोकांना तिचा फायदा होईल, म्हणून तिला प्रेषितांचे नाव जोडावे, हा विचारही नवा नाही. पूर्वीच्या काळीही काही भोळ्या उपासकांनी लोकांना सत्कर्माकडे वळविण्यासाठी वचने रचली होती. हदीसच्या इमामांनी त्यांचा हेतू पाहिला नाही, त्यांची रिवायत फेटाळली.

वैद्यकाविषयी आलेल्या हदीसचा दर्जा काय, यावर मात्र उलेमांत दोन मते आढळतात. इब्न कय्यिम (रह.) यांनी प्रेषितांच्या वैद्यकाला वहीच्या प्रकाशाशी जोडले. इब्न खल्दून यांनी मुकद्दिमामध्ये लिहिले की, त्यातील बराच भाग अरबांच्या अनुभवाचा होता आणि प्रेषितांना शरीअत शिकविण्यासाठी पाठविले होते. यासाठी त्यांनी खजुराच्या परागीकरणाच्या त्या सुप्रसिद्ध प्रसंगाचा आधार घेतला, ज्यात प्रेषितांनी सांसारिक कामाची जाण लोकांनाच अधिक असल्याचे मान्य केले होते. या मतभेदात कोणतीही बाजू घ्या. परंतु जे वचन नाहीच ते त्यात भरण्याची परवानगी दोघांपैकी कोणीही दिलेली नाही.

येथे एखाद्याला वाटेल की, दालचिनी सुन्नत नसेल तर तिचे महत्त्व कमी झाले. तसे मुळीच नाही. तीही अल्लाहचीच निर्मिती आहे आणि तिचे गुण शोधण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जे कष्ट घेतले ते वाचले म्हणजे मन भरून येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिओस्कुरिदीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी द्रव्यांवर एक ग्रंथ लिहिला. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासील यांनी तो अरबीत आणला आणि हुनैन इब्न इसहाक यांनी तपासून दुरुस्त केला. मूळ लेखक अन्यधर्मीय, तपासणारे हुनैन ख्रिस्ती. तरी मुसलमान वैद्यांनी तो ग्रंथ डोक्यावर घेतला. त्याला मान्यता मिळावी म्हणून कोणी त्यावर सुन्नतचा शिक्का मारला नाही. ज्ञान होते, म्हणून घेतले. पुढे इब्न सीना यांनी अल्-कानून फित्-तिब्बच्या दुसऱ्या भागात एकेरी औषधांचे वर्णन केले. अंदलुसमध्ये जन्मलेले आणि १२४८ मध्ये दमास्कसला वारलेले इब्न बैतार यांनी तर सुमारे १४०० द्रव्यांचा कोश सिद्ध केला. या ग्रंथांत दोन साली वेगवेगळ्या नोंदविल्या आहेत. एक दारसीनी, जिला फारसीत दारचीनी म्हणजे चीनचे लाकूड म्हणतात आणि जिच्यावरून आपला दालचिनी हा शब्द आला. दुसरी सलीखा, जिला आपल्याकडे तज म्हणतात.

सलीखा या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थ सोलणे, साल उतरविणे असा आहे. झाडाच्या अंगावरून सोलून काढलेली, म्हणून ती सलीखा. सूरह यासीन आपल्या घराघरांत पठण केली जाते. तिच्या ३७ व्या आयतीत रात्रीवरून दिवस ओढून काढला जातो आणि लोक अंधारात राहतात असे जे वर्णन आहे, तेथे हाच धातू आलेला आहे. शेकडो वेळा पठण करूनही आपण या शब्दाजवळ कदाचित थांबलो नसू.

युनानी तिब्बमध्ये प्रत्येक द्रव्याचा एक मिजाज मानला जातो. दालचिनी व तज या दोहोंचा मिजाज उष्ण व रूक्ष आहे. ही उष्णता दुसऱ्या श्रेणीची की तिसऱ्या, याविषयी ग्रंथांत एकमत नाही. या उष्णतेमुळे थंड व ओलसर प्रकृतीच्या तक्रारींवर, म्हणजे जेथे बलगम वाढला आहे तेथे, हकीम त्यांचा उपयोग करीत आले. जेवणानंतर पोट जड होणे, वायू धरणे, भूक मंदावणे, अन्न नीट न पचणे, यांवर ही साल दिली जाते. छातीत साठलेला कफ सुटावा म्हणून दिली जाते. यकृतातील अडथळे खुले करणारी, लघवी व मासिक स्राव प्रवाहित करणारी, असेही तिचे वर्णन आहे. तोंडाला सुगंध येतो आणि मन प्रसन्न होते, म्हणून तिला मुफर्रिह औषधांतही स्थान मिळाले.

मात्र हकीम एकटी साल क्वचितच देत. जालीनूस म्हणजे गॅलेन या वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी जवारिश जालीनूस आजही युनानी दवाखान्यात मिळते. तिच्यात तज व दालचिनी दोन्ही आहेत. सोबत जटामांसी, वेलची, लवंग, सुंठ, मिरी, पिंपळी, मस्तगी, केशर आणि आणखीही काही द्रव्ये आहेत. ती पोटासाठी आहे. दवाउल कुरकुम हे केशराचे माजून यकृताच्या तक्रारींवर व जलोदरावर दिले जाते. त्यातही केशर, मुर मक्की, कुस्त यांच्यासोबत या दोन्ही साली आहेत. एका द्रव्याचा जोर दुसऱ्याने आवरावा, एकाने दुसऱ्याला योग्य अवयवापर्यंत न्यावे, असा त्यामागे विचार आहे. मालेगाव, पुणे, मुंबई येथील तिब्बिया महाविद्यालयांत विद्यार्थी वर्षानुवर्षे हेच शिकतात. उशाशी डबा ठेवून चमच्याने खाण्याचा प्रकार त्या अभ्यासक्रमात नाही.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तिब्बच्या जुन्या ग्रंथांत एखाद्या द्रव्याची नोंद उघडली की गुणांच्या पाठोपाठ आणखी तीन शब्द येतात : मुजिर, मुस्लेह आणि बदल. मुजिर म्हणजे हे द्रव्य कोणाला किंवा कोणत्या अवयवाला अपाय करते. मुस्लेह म्हणजे तो अपाय कशाने आवरावा. बदल म्हणजे हे न मिळाल्यास काय वापरावे. दालचिनीविषयी लिहिताना उष्ण प्रकृतीच्या माणसाचे डोके ती दुखविते, मूत्राशयाला त्रास देते, हे हकीमांनी लपविले नाही. जे द्रव्य त्यांना स्वतःला प्रिय होते त्याचाही अपाय त्यांनी त्याच पानावर नोंदविला. आपल्या मोबाईलवरील संदेशात मुजिर नावाचा रकाना आपण कधी पाहिला आहे काय?

आणि बदलविषयी. दिओस्कुरिदीसने लिहून ठेवले होते की, दालचिनी न मिळाल्यास तिच्या जागी दुप्पट तज घालावी, म्हणजे तेच काम होते. हा नियम पुढे अरबी वैद्यकातही चालत आला. म्हणजे एका सालीऐवजी दुसरी वापरणे हा मुळात गुन्हा नाही. परंतु हकीम हे करताना ते सांगून करीत असे, मोजून करीत असे आणि का केले हे त्याला माहीत असे. तीच अदलाबदल जेव्हा गिऱ्हाइकाला न सांगता आणि दालचिनीचा भाव घेऊन केली जाते, तेव्हा तिचे नाव बदल राहत नाही. तिला शरीअतमध्ये गिश्श म्हणतात, म्हणजे भेसळ, फसवणूक.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी त्यात हात घातला. वरून धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. पाऊस पडला यात त्या माणसाचा दोष नव्हता. भिजलेले धान्य विकण्यासही मनाई झाली नाही. आक्षेप फक्त लपविण्यावर होता. तज विकणे हलाल आहे. तज ही दालचिनी म्हणून विकणे हे त्या ढिगाच्या आतील ओल आहे.

या सालीच्या व्यापारात गोष्टी रचण्याची खोड फार जुनी आहे. इस्लामपूर्व काळी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अरब व्यापाऱ्यांकडून आलेली एक हकीकत लिहून ठेवली. मोठमोठे पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यावर घरटी बांधतात. लोक खाली मांसाचे जड तुकडे ठेवतात. पक्षी ते वर नेतात. वजनाने घरटी कोसळतात, मग काड्या गोळा होतात. तज म्हणे अशा सरोवराकाठी उगवते की, जेथे वटवाघळासारखे पंखांचे प्राणी राखण करतात आणि माणसांना कातडी पांघरून जावे लागते. सुमारे पाचशे वर्षांनी रोममधील प्लिनीने स्पष्ट लिहिले की, भाव वाढविण्यासाठी रचलेल्या या कहाण्या आहेत. आज पक्ष्यांची कहाणी कोणी खरी मानणार नाही. म्हणून आता भाव वाढविण्यासाठी सुन्नत हा शब्द वापरला जातो. मला विचाराल तर पक्ष्यांची कहाणी परवडली; तिने निदान कोणाच्या श्रद्धेला हात घातला नव्हता.

इस्लामी राज्यांत या फसवणुकीवर नजर ठेवण्यासाठी मुहतसिब नेमलेला असे. बाराव्या शतकातील शैजरी यांनी मुहतसिबांसाठी लिहिलेल्या ग्रंथात औषध विकणारे आणि अत्तार यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. कोणत्या मालात काय मिसळले जाते आणि ते कसे ओळखावे हे त्यांत सांगितले आहे. वैद्यांबाबत तर त्यांनी लिहिले आहे की, हकीमाने रोग्याला तपासून औषधाची चिठ्ठी लिहावी व तिची प्रत घरच्यांना द्यावी. रोगी दगावला तर घरच्यांनी त्या चिठ्ठ्या मुख्य वैद्यापुढे ठेवाव्यात, त्याने त्या तपासाव्यात, आणि निष्काळजीपणा दिसल्यास त्या हकीमाकडून खूनभरपाई घ्यावी. आठशे वर्षांपूर्वीचा हा दंडक आहे. संदेश पुढे पाठविणाऱ्याकडे मात्र अशी चिठ्ठी कोणी मागत नाही.

अत्तार हा शब्द आपल्याला परका नाही. महाराष्ट्रातील कित्येक मुस्लिम घराण्यांचे ते आडनाव आहे. आज आपण त्याचा अर्थ सुगंध विकणारा एवढाच घेतो. अरबीत अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये व औषधी दोन्ही विकणारा. ज्यांच्या पूर्वजांनी ही अमानत सांभाळली आणि ज्यांची आजही मसाल्याची किंवा काष्ठौषधींची दुकाने आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत दालचिनी आणि तज हे दोन वेगळे जिन्नस आहेत. तजची पूड दालचिनी या नावाने विकण्यास कायद्यानेही मुभा नाही. आपल्या बाजारातील बरीच साल चीन, व्हिएतनाम व इंडोनेशियातून येणारी तज आहे. ती स्वस्त आहे, तिखट आहे, बिर्याणीला चांगली आहे. तिच्या बरणीवर तज असे लिहिल्याने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती असेल, तर रोजी कोण देतो हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

भगिनींनो, ओळखणे कठीण नाही. आज स्वयंपाकघरातील डबा उघडून पाहा. खरी दालचिनी, जी श्रीलंकेत आणि आपल्या कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही होते, तिची साल कागदासारखी पातळ असते. अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात. रंग फिकट, बोटांनी चुरली की सहज तुटते, चव गोडसर. तज जाड असते. एकच कडक थर दोन्ही कडांनी आत वळलेला असतो. रंग गडद, लालसर. दाताखाली घेतली तर जिभेला झोंबते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण तेज नावाची दालचिनीची जात प्रसृत केली आहे. ज्यांची तिकडे वाडी आहे त्यांना विकतची पूड घेण्याचे कारणच नाही. कोकणात दालचिनीची पानेही तमालपत्र म्हणून भातात घालतात. वास्तविक तमालपत्राचे झाड वेगळे, जरी दालचिनीच्याच कुळातले असले तरी. मात्र एकदा पूड झाली की डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून साल अख्खी घ्यावी आणि घरी कुटावी.

खालांच्या डब्यात तजची पूड होती. खालांसाठी हा फरक चवीपुरता नव्हता. तजमध्ये कुमारिन नावाचे एक द्रव्य बरेच असते. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. अधिक प्रमाणात आणि सतत घेतल्यास काही माणसांच्या यकृताला त्याने अपाय होतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने रोजच्या सेवनाची जी मर्यादा घातली आहे ती शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती मर्यादा दिवसाला सुमारे २ ग्रॅम तजमध्येच पूर्ण होते. सपाट लहान चमचाभर पूड साधारण अडीच ग्रॅम भरते. खाला दोन चमचे घेत होत्या, आणि त्यांचे वजन पन्नास किलोही नसेल. कालव्यात किंवा पुलावात घातलेल्या तुकड्याने काही होत नाही. भीती रोजच्या चमच्याची आहे. जुन्या हकीमांनी दुप्पट तज घालण्यास सांगितले ते माशांच्या मोजातील औषधासाठी आणि ठराविक दिवसांसाठी होते. महिनोन्महिने खाण्यासाठी ते नव्हते.

मधुमेहावर तिचा काहीच परिणाम नाही काय? येथेही खरे तेच सांगावे. २००३ मध्ये पेशावर येथील संशोधकांनी ६० मधुमेही व्यक्तींपैकी निम्म्यांना ४० दिवस तज दिली आणि त्यांची उपाशीपोटीची साखर कमी झाल्याचे नोंदविले. संदेश पसरविणाऱ्यांनी एवढेच उचलले. नंतर इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. २०१२ मध्ये १० प्रयोगांतील ५७७ व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली, तेव्हा मधुमेहासाठी ही साल सुचविण्याइतका पुरावा नसल्याचे मत देण्यात आले. पेशावरच्या प्रयोगातही गोळ्या बंद करून साल खा असे कोणी सांगितले नव्हते.

आपल्या धर्मात याविषयी मार्गदर्शन स्पष्ट आहे. साद इब्न अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या भेटीला गेले, छातीवर हात ठेवला, मदीनेच्या अजवा खजुरांचा उपाय सांगितला, आणि तरीही त्यांना सकीफ कबिल्याच्या हारिस इब्न कलदाकडे जाण्यास सांगितले, कारण तो वैद्यकी करणारा माणूस होता. ज्यांच्यावर वही उतरत होती त्यांनी आपल्या जिवलग साथीदाराला जाणकाराकडे पाठविले. हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही याविषयीही इतिहासकारांत मतभेद आहेत! आणि जो माणूस वैद्यकाचा जाणकार म्हणून ओळखला जात नाही, तरी इलाज करतो, त्याच्या हातून झालेल्या नुकसानाची जबाबदारी त्याच्यावर राहील, असा निर्णयही प्रेषितांनी दिला आहे. अबू दाऊद, नसाई व इब्न माजा यांनी तो नोंदविला आहे. तेव्हा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे की, तो वाचून कोणी गोळी सोडली तर तो हिशेब आपल्याही खात्यावर लिहिला जाऊ शकतो.

काही सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. गर्भवती भगिनींनी औषध म्हणून दालचिनी किंवा तज घेऊ नये. स्राव प्रवाहित करणारे द्रव्य म्हणून तिची नोंद जुन्या ग्रंथांतच आहे. ज्यांना यकृताचा आजार आहे, जे रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना किंवा पात्रताधारक युनानी हकीमांना विचारल्याविना तिचे चूर्ण सुरू करू नये. आणि हकीमांकडे गेलात तर सुरू असलेल्या गोळ्यांची नावे त्यांना सांगा. त्यांच्यापासून ती लपवून ठेवणे हाही रोग्याने केलेला एक गिश्शच आहे.

त्या दिवशी खालांना हे सर्व एका दमात सांगणे शक्य नव्हते. मी इतकेच म्हणालो की, त्या संदेशात प्रेषितांचे नाव आहे, पण वचन प्रेषितांचे नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या की, तो संदेश तू ज्या ज्या माणसाला पाठविलास त्या प्रत्येकाला आता लिही. मुलाने गटातील सर्वांना लिहिले. एक-दोघांनी उलट वाद घातला, एकाने दुसरा तसाच संदेश पाठविला. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. अलहम्दुलिल्लाह, अंगठा वाचला. जखम भरण्यास मात्र चार महिने लागले, आणि या वर्षीचे रोजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना सोडावे लागले. फिदया त्यांनी स्वतःच्या हाताने मोजून दिला.

परवा पुन्हा भेटीस गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सुनेने चहा ठेवला होता. खालांनी जरा संकोचाने विचारले, "बेटा, चहात एक तुकडा टाकला तर चालेल ना? वास फार आवडतो मला." चालेल, म्हणालो. सुनेने कोकणातून आलेली पातळ साल काढली, नखाएवढा तुकडा तोडला आणि पातेल्यात टाकला. गोळी बशीत आधीच काढून ठेवलेली होती.